पंचांनी ब्लॉग हलवला

कोल्हापूरच्या कसबा बावड्यात मी ज्यांच्या माडीवर भाड्यानं राहायचो, त्यांनी मला पहिलं पिवळं कार्ड दाखवलं ते मोरीतला नळ चालू ठेवून मी फोनवर बोलत बसलो म्हणून. कार्ड म्हणजे खरोखरचं कार्ड. शर्टाच्या वरच्या खिशातून त्यांनी ते काढलं, हात डोक्यावर ताठ नेला आणि मी धावत जाऊन नळ बंद करेपर्यंत तसेच उभे राहिले. मग कार्ड परत खिशात ठेवत शांतपणे म्हणाले, “पावणं, दुसरं पिवळं म्हंजे लाल. लाल म्हंजे खोली खाली. आदीच सांगून ठेवतो, मागनं बोंबलायचं न्हाई.”

मी वारणानगरकडचा. शिकून कोल्हापुरात नोकरीला लागलो होतो, लोकांच्या वेबसाइट उभ्या करून द्यायचं काम. घरमालक कटकटे असतात एवढं ऐकून होतो, पण कार्ड दाखवणारा घरमालक मला कुणी सांगितला नव्हता.

सगळी गल्ली त्यांना ‘पंच’ म्हणायची. बँकेत त्यांनी हयात काढली, पण ते बँकेत होते हे गल्लीला सांगावं लागायचं. त्यांची खरी नोकरी मैदानावरची. कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे नुसता खेळ नव्हे. दोन पेठांची मॅच असली की त्या पेठांतली दुकानं लवकर बंद होतात आणि सोयरीक असलेली घरंसुद्धा तेवढ्यापुरती एकमेकांना ओळखत नाहीत. अशा मॅचमध्ये शिट्टी फुंकायची म्हणजे अर्ध्या स्टेडियमच्या शिव्या खायच्या. पंचांचा हिशेब सोपा होता. एकाच बाजूनं शिव्या आल्या तर आपलं काहीतरी चुकलं, दोन्ही बाजूंनी आल्या तर मॅच झकास झाली.

मैदान सुटलं तरी पंचगिरी सुटली नाही. गल्लीतून बोलत चालताना ते पुष्कळदा उलटे चालायचे, तोंड आपल्याकडं आणि पाठ रस्त्याकडं, खेळाकडं पाठ फिरवायची नाही या जुन्या सवयीनं. शेजारच्या दोघांचं गाडी लावण्यावरून जुंपलं की हे मध्ये उभे राहायचे, दोघांचं ऐकून घ्यायचे आणि एक हात लांब करून दिशा दाखवायचे. गाडी त्या दिशेला जायची. कुणी हुज्जत घातलीच तर एकच वाक्य, “शिट्टी वाजली की वाजली.” एकदा त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, आमटीत मीठ जास्त झालंय का म्हणून विचारलं, पंच नाही म्हणाले आणि मग पहिला घास घेतला, तरी त्यांनी निर्णय फिरवला नाही. सबंध ताट खारट आमटीसकट संपवलं आणि मागून तांब्याभर पाणी प्यायले.

आता पंच नाहीत. मीही पुण्यात आलो. इथं नळ चालू राहिला तर कुणी काही म्हणत नाही. पण मी अजून दचकून दाराकडं बघतो आणि तिथं हात वर करून कुणी उभं नसतं, याचं मला अगदी मनापासून वाईट वाटतं.

निवृत्तीनंतर त्यांच्या मुलीनं त्यांना एक ब्लॉग काढून दिला होता, एका फुकट जागा देणाऱ्या कंपनीच्या साइटवर, आणि पुढं त्याला स्वतःचा पत्ताही घेऊन दिला होता. रोज सकाळी आंघोळ, देवपूजा आणि मग ब्लॉग. एका बोटानं टाइप करायचे आणि ते बोट इतक्या जोरात आपटायचे की माडीवर मला आवाज यायचा. विषय काहीही. जुन्या मॅचेस, अनवाणी बचाव सांभाळणारे बॅक, स्टेडियमबाहेरचा शेंगदाणेवाला, पांढऱ्या रश्श्यात खोबरं किती वाटावं, पावसाळ्यात पंचगंगेचं पाणी कुठवर चढलं. चार-पाच ओळी, पण खणखणीत. दुबईत, पुण्यात, बेंगळुरात गेलेली कोल्हापूरची पोरं ते वाचायची आणि खाली हमरीतुमरीवर यायची.

त्या सगळ्यांत एक प्रतिक्रिया रोज ठरलेली असायची. पंचांनी रश्श्यावर लिहिलेलं असो की पुरावर, खाली दोनच शब्द यायचे, ‘गोल होता.’

त्याखाली पंचांचं उत्तर, ‘ऑफसाईड.’

संपलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मला वाटायचं कुणीतरी टवाळ आहे. एकदा मी पंचांना म्हणालो की याला कायमचं बंद करता येतं, एक बटण दाबायचं फक्त. पंचांनी माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं आता दुसरं पिवळं. पण ते उठून परसात गेले. काकूंनी मग मला चहा दिला आणि हळूच सांगितलं, “त्यो टवाळ न्हवं, बाळा. त्यो त्यांचा धाकला भाऊ हाय.”

भाऊ पेठेच्या संघातून खेळायचा. पंचांनी त्याच्या मॅचला कधी शिट्टी हातात घेतली नव्हती. पण एका फायनलला ठरलेले पंच आजारी पडले, आणि दोन्ही संघ म्हणाले की ह्यांनाच उभं करा, हे सख्ख्या बापाचीपण गय करणार नाहीत. मॅच संपत आली असताना धाकट्यानं गोल मारला. लोक मैदानात धावले. आणि पंचांची शिट्टी वाजली. ऑफसाईड. संघ हरला, पेठेत त्या दिवशी कुणाच्या घरी चूल धड पेटली नाही. धाकटा घरी येऊन म्हणाला, मी तुझा भाऊ हाय म्हणून तू शिट्टी मारलीस, दुसरा कोण असता तर गोल दिला असतास. पंच म्हणाले, शिट्टी वाजली की वाजली. धाकट्यानं कपडे भरले आणि हातकणंगल्याला सासुरवाडीच्या शेतावर जाऊन राहिला.

“पन खरं त्येनं न्हाई तुटलं,” काकू म्हणाल्या. “वरीसभरानं भावजी आलते समजूत काडायला. पेढं घिऊन आलते. आन आमी त्याच दिवशी नरसोबाच्या वाडीला गेलतो. दाराला कुलूप. त्यास्नी वाटलं, आपुन येनार म्हनून कळलं आन मुद्दाम कुलूप घातलं. पेढं शेजारच्या पोरांस्नी वाटून गेले ते गेले. ह्यांनी परत जाऊन सांगायला पायजे हुतं. पर ह्ये कसले जात्यात?”

पुढं कित्येक वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. आईच्या तेराव्यालासुद्धा दोन टोकांना बसून जेवले. ब्लॉग निघाला आणि थोड्याच दिवसांत खाली ते दोन शब्द उमटले. नाव दिलेलं नव्हतं, पण पंचांनी ओळखलं. आणि तेव्हापासून काकूंच्या मते पंच रोज सकाळी लिहायचे ते दुबईच्या पोरांसाठी नव्हे.

हे मला कळलं होतं म्हणून पुढचं प्रकरण मी इतक्या गंभीरपणे घेतलं.

झालं असं, की त्या फुकट जागा देणाऱ्या कंपनीनं ब्लॉगवर जाहिराती लावायला सुरुवात केली. एका सकाळी पंचांच्या लेखाच्या डोक्यावर रंगीत पट्टी आली, मॅचवर पैसे लावा आणि जिंका. पंच जिना चढून वर आले. ते कधी वर येत नसत, खालूनच शिट्टी मारायचे.

“मर्दा, ह्यो काय परकार हाय? मी जल्मभर पंच हुतो. माज्या डोस्क्यावर जुगार?”

“पंच, जागा त्यांची आहे. ते काहीही लावणार. आपली जागा घ्यायला पाहिजे.”

“मग घिऊ की. कशी घ्यायची?”

मी समजावून सांगितलं. एक सर्व्हर घ्यायचा, म्हणजे चोवीस तास चालू राहणारा कॉम्प्युटर. त्यावर ब्लॉग उभा करायचा, जुन्या ठिकाणचे सगळे लेख, फोटो, प्रतिक्रिया तिकडं न्यायच्या, आणि मग पत्ता नव्या जागेकडं वळवायचा. वाचणाऱ्याला पत्ता तोच दिसतो.

“सर्व्हर कुठं असनार?”

“मुंबईत.”

“मुंबईत? आन आपल्या मालकीचा?”

“म्हणजे, भाड्यानं. पण आतलं सगळं आपलं.”

“म्हंजे तू माज्या माडीवर ऱ्हातोस तसं.” ते बराच वेळ हसले. मग म्हणाले, “एक अट हाय. दार एक मिनिटबी बंद दिसता कामा न्हाई.”

आमच्या धंद्यात सगळेच असं म्हणतात. दुकानदाराला गिऱ्हाईक जाईल म्हणून धास्ती असते. पंचांची धास्ती मला ठाऊक होती. एकदा कुलूप दिसलं होतं आणि त्यापायी अर्धं आयुष्य गेलं होतं.

मी कामाला लागलो. पत्ता बदलला की ती बातमी सगळीकडं लवकर पोचावी म्हणून करायच्या खटपटी आधीच करून ठेवल्या. नवी जागा उभी केली आणि जुन्या ठिकाणचं सगळं एका फाइलमध्ये बांधून इकडं सोडलं. पंचांना तपासायला बसवलं. त्यांनी चष्मा लावला, पहिलाच लेख उघडला आणि खिशात हात घातला.

“पंच, काय झालं?”

“वाच की.”

प्रतिक्रिया उलट्या क्रमानं आल्या होत्या. आधी ‘ऑफसाईड’ आणि मग ‘गोल होता’. सगळ्या लेखांखाली तसंच.

“शिट्टी आदी आन गोल मागनं? असं असतंय व्हय?” असं म्हणून त्यांनी मला माझं दुसरं पिवळं कार्ड दाखवलं. मग त्यांच्या लक्षात आलं की दुसरं म्हणजे लाल, आणि लाल म्हणजे मी खोली सोडणार आणि ब्लॉग अर्धवट राहणार. त्यांच्या निर्णयाच्या इतिहासात पहिल्यांदाच ते अडकले. शेवटी म्हणाले, “ते पयलं मागच्या हंगामातलं. हंगाम बदलला की कार्डं पुसत्यात.” मी क्रम सुलटा करून दिला.

हलवायची वेळ पंचांनीच ठरवली, आणि इतकी नामी वेळ मला सुचली नसती. रविवारी दुपारी दोन मोठ्या संघांची मॅच होती. त्या वेळात कोल्हापुरातला कुणी ब्लॉग उघडणार नाही आणि बाहेरगावची पोरं मोबाइलवर मॅच बघत बसणार. हलवाहलवी होती म्हणून पंचांनी त्या सकाळी लेख लिहिला नव्हता. शिट्टी वाजून मॅच सुरू झाली आणि मी पत्ता वळवला. काकूंनी नव्या घरात जाताना करतात तसं गॅसवर दूध उतू जाऊ दिलं. हाफटाइमपर्यंत माझ्या, पंचांच्या आणि त्यांच्या मुलीच्या फोनवर नवा ब्लॉग उघडायला लागला. एक मिनिटसुद्धा दार बंद झालं नाही. मला स्वतःचाच अभिमान वाटला.

एकच गोष्ट राहिली होती. नवं नीट चालतंय अशी खात्री पटेपर्यंत जुनं मोडायचं नसतं, म्हणून जुनी जागा तशीच ठेवली होती. मी म्हणालो, “पंच, तिकडं प्रतिक्रिया बंद करू आणि पाटी लावू, आम्ही इकडं राहायला आलोय म्हणून. सगळे असंच करतात.”

“न्हाई.”

“अहो, कुणी चुकून तिकडं गेला तर...”

“तर त्येला बंद दार दिसंल. पाटी वाचायला कोन थांबतोय? बंद हाय म्हनून जाईल निघून.” मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, “मॅचमधी गडी बदलतात तवा खेळ बंद पडतोय काय? जुनंबी उगडं ऱ्हाऊ दे. शिट्टी वाजली.”

मी जास्त बोललो नाही. त्यांच्यापुढं बोलून उपयोग नसतो हे मी नळापासून शिकलो होतो.

सोमवारी सकाळी पंचांनी नव्या जागेत पहिला लेख लिहिला. रविवारच्या मॅचवर, अगदी रंगात येऊन. दुबईची पोरं आली, पुण्याची आली, भांडणं झाली. ते दोन शब्द आले नाहीत. पंच म्हणाले, शेतावर काम असंल. मंगळवारी नवा लेख, तेच. बुधवारी पंच सकाळपासून फोन हातात घेऊन बसले. चहा तसाच निवला. मी ऑफिसला निघालो तर म्हणाले, “नव्या घरात कायतरी मोडलंय का बग. त्येचं येत न्हाई.”

मी बघितलं. काही मोडलं नव्हतं.

“मग त्यो लिवीत का न्हाई?” त्यांचा चेहरा मला बघवेना. हजारो लोक अंगावर धावून आले तरी हा माणूस जागचा हलला नव्हता म्हणतात. “आजारी तर नसंल? साखर हाय त्येला. आईलाबी हुती.”

“फोन करा की.”

“नंबर न्हाई.”

सख्ख्या भावाचा नंबर नाही, हे त्यांनी इतकं सरळ सांगितलं की मलाच कसंतरी झालं. गुरुवारी सकाळी ते वर आले तेव्हा अंगात इस्त्रीचा शर्ट होता. त्या दिवशी त्यांनी काही लिहिलं नव्हतं.

“गाडी काड,” ते म्हणाले. “हातकणंगल्याला जायाचं हाय.”

ते मोटरसायकलवर माझ्या मागं बसले. हातकणंगल्याचं स्टेशन मागं टाकून विचारत विचारत त्या शेतातल्या घरापाशी पोचलो. अंगणात धाकट्याची बायको धान्य निवडत होती. पंचांना बघून ती ताडकन उठली, डोक्यावर पदर घेतला आणि तोंडावर हात ठेवून रडायलाच लागली.

पंचांनी माझा खांदा धरला. “कवा?” एवढंच त्यांनी विचारलं.

“काय कवा?” ती डोळे पुसत म्हणाली. “तुमी बरं हाईसा न्हवं, दादा? ह्ये तर सकाळच्या एस्टीनं तुमच्याकडंच गेल्यात! रविवारपासनं तुमचं लिवनं बंद, ह्यांनी लिवल्यालं, त्येला उत्तर न्हाई. रोज बगायचं आन डोस्क्याला हात लावून बसायचं. शेवटी मीच म्हनलं, हितं बसून काय कळनार हाय? जावा की.”

“मी लिवलं की रोज!”

“कुटं? ह्ये बगा.” तिनं आतून आपला फोन आणला. माझ्या ध्यानात आलं तसं मी कपाळावर हात मारला. जुन्या जागी ब्लॉगला दोन पत्ते होते, एक त्या कंपनीनं सुरुवातीला दिलेला आणि एक नंतर मुलीनं घेतलेला. इतके दिवस दोन्ही एकाच घरी पोचायचे. मी मुलीनं घेतलेला तेवढा नव्या घराकडं वळवला. धाकट्यानं पहिल्या दिवशी जतन करून ठेवलेला पत्ता होता कंपनीचा, तो जुन्या घरीच जात राहिला. तिथं कुलूप नव्हतं, पाटी नव्हती. दार सताड उघडं होतं आणि आत कुणी नव्हतं. हा माणूस तीन दिवस रिकाम्या घरात हाका मारत होता.

पंचांनी फोन डोळ्यांजवळ धरला. शनिवारच्या शेवटच्या लेखाखाली ‘गोल होता’, ‘ऑफसाईड’ हे नेहमीचं झालं होतं. त्याखाली सोमवारचं, ‘आज लेख न्हाई?’ मग, ‘ओ पंच.’ मग, ‘मी चेष्टा करीत न्हाई. उत्तर दे.’ आणि सगळ्यांत खाली बुधवारचं, ‘दादा, बरा हाईस न्हवं?’

पंचांनी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मग फोन वहिनींच्या हातात परत दिला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. काकू होत्या, आवाज आनंदानं फुटलेला. “अरं बाळा, भावजी हितं आल्यात! ह्यांस्नी बगायला आल्यात! आता काय करू?”

मी फोन पंचांपुढं धरला. त्यांनी तो कानाला लावला नाही. लांबूनच म्हणाले, “त्येला म्हनावं, जाऊ नगो. जेवायला घाल. मी येतोय.”

आम्हालाही वहिनींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाकरी, वांग्याचं भरीत, ताक. पंच भावाच्या घरात पहिल्यांदा जेवत होते, आणि त्यांच्या घरात भाऊ कित्येक वर्षांनी जेवत होता. पंचांनी भिंतीवरचा एक जुना फोटो जेवता जेवता बघून घेतला. संघाचा होता. धाकटा मधे, बॉल पायाखाली. हात धुताना म्हणाले, “गडी लई चांगला हुता. मीच शिकवल्याला.”

परत येताना मी गाडी जोरात हाणली. मागून आवाज आला, “सावकाश. त्यो जात न्हाई आता.”

बावड्याला पोचलो तेव्हा फाटक उघडंच होतं. पुढच्या सोप्यात पंचांच्या खुर्चीवर पांढऱ्या मिशांचा, उन्हानं रापलेला एक दांडगा माणूस बसला होता. पायांपाशी पेढ्याचा खोका होता. स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या, पदर दातांत धरून.

पंच गाडीवरून उतरले, फाटकापर्यंत गेले आणि तिथंच थांबले. हात फाटकाच्या गजावर. क्षणात निर्णय देणारा हा माणूस स्वतःच्या घराच्या तोंडाशी उभा होता आणि त्याला पाऊल उचलता येत नव्हतं. मला वाटलं, आता गोलाचं निघणार. इतकी वर्षं साठलेलं सगळं निघणार.

धाकट्यानं त्यांच्याकडं बघितलं. मग खुर्चीवरून उठला, ती जरा बाजूला सरकवली आणि म्हणाला, “ये की आत, दादा. तुजंच घर हाय.”

पंच आत गेले. मी गाडी भिंतीला लावली, मागच्या जिन्यानं माडीवर आलो आणि कुणाला न विचारता जुना ब्लॉग बंद करून टाकला. आता तिकडं कुणी येणार नव्हतं.